‘वर’ कळवायला वर कोणी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांच्या स्वयंमदत समूहांवर पानभर लेख दिलात, सोबत मीटिंगची यादीही छापलीत. लेख आस्थेने लिहिलेला होता. आमच्याबद्दल इतक्या सभ्यपणे लिहिलेले क्वचितच वाचायला मिळते, म्हणून आधी मनापासून आभार. तरीही हे पत्र लिहायला बसले आहे ते लेखातल्या एका वाक्यामुळे आणि यादीतल्या एका चुकीमुळे. वाक्य असे होते : ‘या संघटनेच्या शाखा ठिकठिकाणी असून त्यांचे कामकाज प्रादेशिक मुख्यालयातून चालते.’

सोमवारी दुपारी हेल्पलाइनवर माझी पाळी होती. एका बाईंचा फोन आला. आपला लेख वाचूनच त्यांनी केला होता. बराच वेळ त्या स्वतःविषयी काहीच बोलल्या नाहीत; मीटिंग किती वेळ चालते, बायका असतात का, दार कुठल्या बाजूला आहे, असे विचारत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, “मी आले तर माझं नाव वर कळवतात का?” मी विचारले, “वर म्हणजे कुठे?” त्या म्हणाल्या, “मुख्यालयात. पेपरात आलंय तसं.” मी त्यांना समजावून सांगितले. त्या “बघते” म्हणाल्या आणि फोन ठेवला. पुढे त्या आल्या की नाही, हे मला ठाऊक असते तरी इथे लिहिले नसते. पण एका शब्दामुळे त्या दारापर्यंत येऊन थबकल्या, हे मी कानांनी ऐकले.

मी दारू सोडून चौदा वर्षे झाली. आयुष्यभर हिशेबनिसाची नोकरी केली. शेवटची काही वर्षे फायलींच्या कपाटात मागच्या रांगेत बाटली असायची. फेलोशिपमध्ये (या सगळ्या समूहांच्या परिवाराला आम्ही असे म्हणतो) आल्यावर पहिली दोन वर्षे नुसती येऊन बसत होते. त्यानंतर कुठली ना कुठली सेवा केली : आधी खुर्च्या मांडणे, मग समूहाची खजिनदार, मग समूहाची प्रतिनिधी आणि पुढे तीन वर्षे प्रादेशिक समितीची खजिनदार. म्हणजे आपण ज्याला मुख्यालय म्हणता, तिथे मी बसलेली आहे. ते असे आहे : दोन महिन्यांतून एका रविवारी भाड्याने घेतलेली एक खोली, साहित्याचे एक कुलूपबंद कपाट, पाळीपाळीने घरोघरी फिरणारा हेल्पलाइनचा फोन आणि इतिवृत्ताच्या वह्या. त्या वह्यांत समूहांची नावे आहेत, मीटिंगचे वार आणि वेळा आहेत, हिशेब आहे. मीटिंगला येणाऱ्यांच्या नावांची यादी कुठेही नाही, कारण ती कोणत्याही समूहात केलीच जात नाही.

समूह सुरू करायला कुणाची परवानगी लागत नाही. व्यसन सोडायची इच्छा असलेली दोन-तीन माणसे एकत्र येतात, एखादी खोली मिळवतात, वार आणि वेळ ठरवतात आणि ती पाळतात. सभासद होण्याची अटही तेवढीच, व्यसन सोडण्याची इच्छा. अर्ज नाही, फी नाही, हजेरीपट नाही. खरे नाव सांगितले नाही तरी कोणी विचारत नाही. मीटिंग कशी चालवायची, कोणी बोलायचे, जमलेल्या पैशांचे काय करायचे, हे समूह स्वतः ठरवतो. एखाद्या निर्णयाची झळ दुसऱ्या समूहांना किंवा साऱ्या फेलोशिपला पोहोचणार असेल, तर मात्र थांबून इतरांशी बोलायचे. समूहांनी कसे चालायचे हे सांगणाऱ्या आमच्या बारा परंपरांपैकी ही चौथी.

मग प्रदेश कशासाठी? प्रत्येक समूह आपल्यातून एक प्रतिनिधी निवडतो. जवळपासच्या समूहांचे प्रतिनिधी मिळून क्षेत्र समिती होते आणि क्षेत्रांनी पाठवलेल्या माणसांची प्रादेशिक समिती. फेलोशिपगणिक नावे बदलतात. कुठे इंटरग्रुप म्हणतात, कुठे एरिया, कुठे रीजन. नोकरीत मी जेवढे तक्ते पाहिले, त्या सगळ्यांत साहेब वर आणि कारकून खाली असत. आमच्या सेवेचा तक्ता काढताना समूह सर्वांत वर काढतात आणि समित्या त्यांच्याखाली. निवडून दिलेल्या माणसांना पुढारी म्हणत नाहीत, ‘विश्वासू सेवक’ म्हणतात, आणि मुदत संपली की ती जागा दुसऱ्याला द्यायची असते. माझी तीन वर्षे संपली त्या रविवारी मी पासबुक आणि कपाटाची किल्ली पुढच्या माणसाच्या हातात दिली आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. नोकरीतून निवृत्त होताना घशात आवंढा आला नव्हता, तो त्या दिवशी आला.

ही रचना कुणाच्या कल्पनेतून एका रात्रीत उतरलेली नाही. १८४० साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये सहा दारुड्यांनी मिळून एकमेकांच्या आधाराने दारू सोडण्याची चळवळ सुरू केली. वॉशिंग्टोनियन म्हणून ती ओळखली गेली. भराभर वाढली, हजारो माणसे जमली. आणि मग दारूबंदीच्या राजकारणात आणि जाहीर वादांत ओढली जाऊन दहा वर्षांच्या आत जवळजवळ नाहीशी झाली. पुढे १९३५ साली न्यूयॉर्कचे शेअर दलाल बिल विल्सन आणि अ‍ॅक्रनचे शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ यांची गाठ पडली. दोघेही दारूच्या पाशात सापडलेले. डॉ. बॉब यांनी शेवटचा प्याला घेतला तो १० जून १९३५ रोजी, आणि तोच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा जन्मदिवस मानला जातो. सुरुवातीच्या काळात त्यांनाही मोठे रुग्णालय, पगारी प्रचारक आणि भरपूर पैसा हवा होता. त्यासाठी धाकटे जॉन डी. रॉकफेलर यांच्याकडे ते गेले. १९३८ साली रॉकफेलरांनी ५,००० डॉलर दिले आणि त्याहून जास्त द्यायला नकार दिला. पैसा या कामाचा घात करील असे त्यांना वाटले. माझ्या मते फेलोशिपला मिळालेल्या मोठ्या देणग्यांपैकी एक हा नकार होता.

वृत्तपत्रांचा संबंधही इथूनच येतो. मार्च १९४१ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या साप्ताहिकात या माणसांवर लेख आला. वर्षाच्या सुरुवातीला सुमारे २,००० सभासद होते, ते वर्षअखेरीस सुमारे ८,००० झाले. न्यूयॉर्कच्या लहानशा कार्यालयात पत्रांचा ढीग पडला. पत्र लिहिणारा ज्या गावचा, तिथे समूह असेलच असे नव्हते. मग कामानिमित्त फिरणाऱ्या सभासदांकडे ती नावे दिली जात आणि ते जाऊन भेटत. समूह जन्माला येत होते आणि आपापसांत भांडतही होते : कोणाला घ्यायचे, कोणाला नाही, पैसे कोणाकडे, वर्तमानपत्रात फोटो कोणाचा. प्रत्येक समूहाने सभासदत्वासाठी घातलेल्या अटी एकत्र करून सगळीकडे लावल्या असत्या, तर कोणालाच आत येता आले नसते. त्या भांडणांतून जे शहाणपण निघाले त्याच्या बारा परंपरा झाल्या, आणि १९५० साली क्लीव्हलँडच्या अधिवेशनात त्या स्वीकारल्या गेल्या. १९५५ साली सेंट लुईसच्या अधिवेशनात संस्थापकांच्या पिढीने फेलोशिपची जबाबदारी समूहांच्या प्रतिनिधींच्या परिषदेकडे सोपवली. दारूखेरीज इतर मादक पदार्थांत अडकलेल्यांसाठी नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस १९५३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात सुरू झाली आणि तिने अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्याच बारा पायऱ्या, म्हणजे व्यसनातून सावरण्याचे टप्पे, व परंपरा आपल्याशा करून घेतल्या. कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन त्याआधी दोन वर्षे, १९५१ मध्ये. हे सगळे सांगायचे कारण एवढेच की आमच्याकडे ‘मुख्यालय’ नाही ते राहून गेले म्हणून नाही. जाणूनबुजून ठेवलेले नाही.

आता माझ्या समूहाविषयी. सहा वर्षांपूर्वी आमचा गुरुवारचा समूह मरायला टेकला होता. एके काळी पंधरा-सोळा माणसे असत. कोणाची बदली झाली, एक जण गेले, दोघांचे आपापसांत फाटले आणि दोघेही यायचे थांबले. शेवटी मी आणि एक वयस्कर सभासद असे दोघेच उरलो, आणि त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन निघाले. तीन गुरुवार मी एकटीने कुलूप उघडले, सहा खुर्च्या मांडल्या, पायऱ्यांचा तक्ता भिंतीला लावला, साडेसात ते साडेआठ बसले आणि पुन्हा कुलूप लावून घरी आले. त्या तासात काय काय मनात येते, ते ज्याने असा तास काढला आहे त्यालाच कळेल. तिसऱ्या गुरुवारी परत येताना मी दुकानाच्या रस्त्याने न जाता लांबचा रस्ता धरला. आठ वर्षांत तशी गरज पडली नव्हती.

क्षेत्र समितीच्या सभेत प्रत्येक प्रतिनिधी आपल्या समूहाचा अहवाल वाचतो. मी लिहून नेले होते, ‘उपस्थिती : एक. समूह बंद करावा असे वाटते.’ वाचताना आवाज कापत होता. अध्यक्षस्थानी असलेल्या बाईंनी विचारले, “बंद करायचा निर्णय तुमच्या समूहाचा, त्यात आम्ही पडणार नाही. पण पुढच्या गुरुवारी तुमच्याबरोबर कोणी बसलं तर चालेल का?” बस, एवढेच. चार समूहांनी गुरुवार वाटून घेतले. तीन महिने दर आठवड्याला दुसरीकडून दोन-तीन माणसे यायची. एक गृहस्थ दोन बस बदलून येत आणि शेवटची बस चुकू नये म्हणून सव्वाआठलाच उठत. पण आले नाहीत असे कधी झाले नाही. प्रदेशाने साहित्य उधारीवर दिले. हेल्पलाइनवाल्यांनी आमच्या भागातून फोन आला की गुरुवारची मीटिंग आवर्जून सांगायला सुरुवात केली.

त्यानंतर प्रादेशिक समितीची दोन माणसे आम्ही बोलावली म्हणून आली आणि समूहाचे आत्मपरीक्षण करून घेतले. आत्मपरीक्षण म्हणजे तपासणी नव्हे. ते प्रश्न विचारतात, उत्तरे आपण द्यायची, ठराव आपण करायचे. नवा माणूस आला तर त्याच्याशी पहिल्यांदा कोण बोलते? गेल्या वर्षी नवे किती आले आणि दुसऱ्यांदा किती आले? मीटिंगमध्ये दर वेळी तीच माणसे बोलतात का? उत्तरे देताना आमच्या एकेक गोष्ट लक्षात येत गेली. आम्ही खुर्च्या गोल मांडत होतो आणि गोलातल्या जागा जुन्यांच्या ठरलेल्या होत्या. नव्याला मिळे ती दाराजवळची. खालच्या दारावर पाटी नव्हती, आणि जिना चढून येणाऱ्याला वर कुठल्या दारात शिरायचे ते कळत नसे. जुने लोक एकमेकांच्या गोष्टींना अर्ध्यातच मान डोलवत, कारण त्या पन्नासदा ऐकलेल्या. नव्याला पूर्ण गोष्ट कधी ऐकायलाच मिळत नसे. आम्ही दाराबाहेर एक माणूस उभा करायला लागलो. खाली एक लहान बाण लावला, त्यावर फेलोशिपचे नाव नाही, फक्त ‘गुरुवारची सभा, पहिला मजला’. आज त्या खोलीत दहा-बारा माणसे असतात. ती सगळी आत्मपरीक्षणामुळे आली असा दावा मी करणार नाही. पण तीन महिने ज्यांनी बस बदलून खुर्च्या भरल्या, ते नसते तर आत्मपरीक्षण करायला समूहच उरला नसता.

पैशांविषयी लेखात वाचकांना देणगीचे आवाहन होते. हेतू चांगला होता, तरी ती चौकट वाचून मी कपाळाला हात लावला. सातव्या परंपरेप्रमाणे आम्ही बाहेरची देणगी घेत नाही, सरकारचीही नाही. मीटिंगमध्ये टोपली फिरते, सभासद इच्छेनुसार टाकतात, नव्याने टाकायची अपेक्षा नसते. त्यातून समूह खोलीचे भाडे देतो, पुस्तके घेतो, अडीअडचणीला थोडे मागे ठेवतो, उरेल ते क्षेत्राला आणि प्रदेशाला पाठवतो. पाठवलेच पाहिजे असे नाही. प्रदेशाचे काम आवडले नाही तर समूह पैसे पाठवणे थांबवू शकतो, आणि एकदा एका प्रश्नावर मतभेद झाले तेव्हा आठ समूहांनी तसे केलेही. मी तेव्हा खजिनदार होते. दोन महिने हेल्पलाइनचे बिल भरताना ओढाताण झाली. पण समितीने आपला निर्णय मागे घेऊन समूहांना पुन्हा विचारले. हिशेबनीस म्हणून मी सांगते, यापेक्षा चोख लेखापरीक्षण मी कुठे पाहिलेले नाही.

आमच्याकडे सगळे छान चालते असे चित्र मला उभे करायचे नाही. एका समूहाच्या खजिनदाराची स्लिप झाली, तो पुन्हा प्यायला लागला आणि समूहाचे पैसे त्यात गेले. समूहात खूप राग होता. काहींचे म्हणणे होते की प्रदेशाने ताबा घ्यावा. आम्हाला तसा अधिकार नव्हता आणि तो नव्हता हेच बरे. त्या समूहाने सांगितल्यावर दुसऱ्या समूहांतले दोन अनुभवी खजिनदार आणि मी त्यांच्याबरोबर बसलो. टोपलीतले पैसे मीटिंग संपायच्या आत दोघांनी मोजायचे, दोघांनी सही करायची, जास्तीची रक्कम हातात न ठेवता पाठवून द्यायची, महिन्याचा हिशेब मीटिंगमध्ये वाचून दाखवायचा. नियम साधे होते, पण त्या समूहाने ते स्वतः ठरवले, म्हणून आजही पाळले जातात. तो माणूस सात महिन्यांनी परत आला. दारात कोणी अडवले नाही. त्याला पुन्हा खजिनदार केले नाही, हेही खरे. त्याने थोडे थोडे करून पैसे फेडले; नवव्या पायरीत चूक केली तिथे भरपाई करायला सांगितले आहे, ती त्याने केली.

काही कामे एकट्या समूहाला झेपत नाहीत. रुग्णालये आणि तुरुंग यांतल्या मीटिंगचे उदाहरण घ्या. तुरुंगाच्या अधिकाऱ्याला एक माणूस ओळखीचा हवा असतो, ठरल्या दिवशी कोणीतरी येणार याची खात्री हवी असते. चार समूहांनी चार प्रकारे जाऊन चालत नाही. म्हणून प्रदेशाची समिती असते. तिचे नियम कडक आहेत : एकट्याने जायचे नाही, ठरावीक काळ व्यसनापासून दूर असलेल्यानेच जायचे, पुरुषांकडे पुरुषांनी आणि स्त्रियांकडे स्त्रियांनी, आतल्या माणसाचा निरोप किंवा चिठ्ठी बाहेर न्यायची नाही, सुटकेच्या बाबतीत कोणताही शब्द द्यायचा नाही. सुरुवातीला एका रुग्णालयात मी एका मुलीला ‘पुढच्या आठवड्यात मी नक्की येते’ असे सांगून बसले आणि तापाने पडले. ती वाट पाहत होती असे नंतर कळले. तेव्हापासून मी फक्त ‘आमच्यापैकी कोणीतरी येईल’ असे म्हणते. तसे म्हणता येते, कारण मागे समिती आहे, तिची पाळीपत्रिका आहे.

हेल्पलाइनचेही तसेच. फोनशेजारी एक कागद ठेवलेला असतो आणि नव्याने पाळी घेणाऱ्याला तो शिकवला जातो. बाईचा फोन आला तर तिला बाईचाच नंबर द्यायचा. औषधांविषयी सल्ला द्यायचा नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करा असे सांगण्याचा कोणालाही हक्क नाही. आणि सर्वांत ठळक अक्षरांत हे : रोज खूप पिणारा माणूस ‘आजपासून एकदम बंद’ म्हणत असेल तर त्याला आधी डॉक्टरांकडे पाठवायचे. बरीच वर्षे भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आम्ही डॉक्टर नाही, समुपदेशक नाही, दवाखाना चालवत नाही. आपल्या लेखात आम्हाला ‘उपचार केंद्र’ म्हटले आहे, तेही कृपया दुरुस्त करावे. २०२० साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्तींची माहिती एकत्र तपासली. दारूपासून पूर्णपणे दूर राहण्याच्या बाबतीत, या समूहांकडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरत असल्याचे तिला दिसले. मला त्याचा आनंद आहे. पण मीटिंग ही उपचारांची जागा घेत नाही, आणि दुसऱ्या मार्गाने सावरलेली माणसेही मी पाहिली आहेत.

एका विषयावर मला अजून समाधान नाही, आणि तो झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. नवी आलेली माणसे हळवी असतात. त्यातही एकटी बाई आली की तिला ‘मदत’ करायला पुढे येणाऱ्यांत सगळ्यांचे हेतू चांगले नसतात. मी पहिल्या महिन्यात हे अनुभवले आहे. त्या वेळी एक वयस्कर बाई रोज मीटिंगनंतर माझ्याबरोबर स्टॉपपर्यंत चालत आल्या, म्हणून मी टिकले. समूह स्वतंत्र असल्याने प्रदेश कोणाला हाकलू शकत नाही. मग काय करायचे? दोन वर्षे चर्चा करून आम्ही सुरक्षिततेविषयी एक मसुदा तयार केला : त्रास देणाऱ्याला समूहाने स्पष्ट शब्दांत समज द्यावी, गरज पडल्यास येणे थांबवायला सांगावे, गुन्हा घडला तर पोलिसांकडे जावे, अनामिकता ही गुन्हा लपवायची जागा नाही. हा मसुदा प्रत्येक समूहाने स्वतः वाचून स्वीकारायचा आहे. निम्म्याहून अधिक समूहांनी स्वीकारला. उरलेल्यांकडे आम्ही जात राहतो, वाचून दाखवत राहतो. समूहांच्या स्वातंत्र्याची ही किंमत आहे आणि ती मला जड वाटते. हे मत माझे एकटीचे. फेलोशिपच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला नाही, कोणालाच नाही.

आता यादीविषयी. प्रादेशिक समितीचे सर्वांत महत्त्वाचे काम कोणते, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन, मीटिंगची यादी अचूक ठेवणे. दर तीन महिन्यांनी प्रत्येक समूहाच्या प्रतिनिधीला विचारून ती तपासली जाते : खोली तीच आहे का, वेळ तीच आहे का, किल्ली कोणाकडे आहे. कारण माणूस वर्षानुवर्षे धीर गोळा करतो आणि एकदाच येतो. त्या दिवशी दाराला कुलूप असेल तर तो पुन्हा येईलच असे नाही. आमच्या माहिती समितीने आपल्याला पाठवलेल्या यादीत एकवीस मीटिंग होत्या, छापून आल्या बारा. आपल्या कार्यालयात फोन केल्यावर उलगडा झाला. नऊ मीटिंगच्या समोर आम्ही ‘बंद’ असे लिहिले होते, आणि त्या बंद पडल्या आहेत असे समजून त्या वगळल्या गेल्या. चूक प्रामाणिक आहे. आम्हीच फोड करून लिहायला हवे होते, आणि तसे मी समितीलाही कळवले आहे.

‘बंद मीटिंग’ म्हणजे जिथे फक्त ज्यांना स्वतःला व्यसनाचा त्रास आहे अशीच माणसे बसतात. ‘खुली मीटिंग’ म्हणजे जिथे नातेवाईक, डॉक्टर, विद्यार्थी, पत्रकार, कोणीही येऊन ऐकू शकते. आपल्या प्रतिनिधींनी खुल्या मीटिंगला जरूर यावे, फक्त कॅमेरा आणू नये आणि ऐकलेली नावे बाहेर नेऊ नयेत. वगळलेल्या नऊपैकी दोन मीटिंग फक्त स्त्रियांसाठीच्या आहेत. सोमवारी ज्यांचा फोन आला होता, त्यांनी हातात आपलीच यादी धरली होती आणि त्या मला विचारत होत्या, “बायकांसाठी वेगळी एकही मीटिंग नाही का?”

सुधारित यादी माहिती समिती या आठवड्यात आपल्याकडे पाठवत आहे. या वेळी ‘बंद’ शब्दाऐवजी ‘फक्त व्यसनाचा त्रास असलेल्यांसाठी’ असे लिहिले आहे. जागा कमी पडत असेल तर लेखाविषयीचा खुलासा गाळावा, माझे हे पत्र गाळावे, पण एकवीसच्या एकवीस मीटिंग छापाव्यात. देणगीच्या चौकटीच्या जागी हेल्पलाइनचा नंबर दिलात तर फार बरे होईल.

माझे नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे. आमच्या परंपरेप्रमाणे सभासदत्व आणि पूर्ण नाव छापील मजकुरात एकत्र येऊ देत नाही, म्हणून तो कृपया छापू नये.

आपली,
एक सभासद